बाळू पालवणकर आणि हिंदु संघाची निवड

खेळाच्या इतिहासांत सामन्यांचे निकाल लिहून ठेवण्याची वहिवाट आहे. प्रेक्षकांचा राग लिहून ठेवण्याची नाहीं. कोणत्या वर्षीं कोण जिंकलें, कोणीं किती धावा काढल्या, हें वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत सांपडतें. परंतु मैदानाच्या दोरीबाहेर उन्हांत उभ्या राहिलेल्या माणसानें आपल्याच संघाच्या चालकांवर संतापून काय म्हटलें, तें वाऱ्यावर जातें. तथापि कधीं कधीं हा संताप इतका साधार असतो कीं, त्याची नोंद घेतल्याखेरीज त्या काळच्या समाजाचें चित्र पुरें होत नाहीं. १९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं हिंदु संघांतून बाळू पालवणकर या गोलंदाजास वगळण्यांत आलें, तेव्हां उठलेला संताप अशा जातीचा होता.

श्रोतेहो, खानदेशांतील एका परिचित उदाहरणानें ही गोष्ट चटकन् ध्यानांत येईल. नशिराबाद, भुसावळ, यावल या टापूंत जत्रेच्या दिवसांत कुस्त्यांचे फड भरतात. तेथें पहिलवानांची जोड सर्वांच्या डोळ्यांदेखत लागते. जोड विजोड वाटली तर भोंवतालचीं माणसें तिथल्या तिथें ओरडून हरकत घेतात, आणि पंचांस ती ऐकावी लागते. क्रिकेटमध्यें तसें नाहीं. तेथें अकरा गडी कोणते घ्यावयाचे, नायक कोणास करावयाचें, हें बंद खोलींत बसलेली समिति ठरविते. प्रेक्षकाच्या हातीं पडते ती केवळ यादी. यादींतील नांवें त्याला दिसतात, त्यांमागचीं कारणें दिसत नाहींत. मग जुन्या अनुभवाच्या आधारानें तीं कारणें तो स्वतःच लावूं लागतो. १९२० सालीं नेमकें हेंच घडलें.

मुंबईचे हे सामने म्हणजे त्या काळचें एक मोठें प्रस्थ होतें. प्रथम ते पारशी व युरोपियन या दोघांतच होत. १९०७ सालीं हिंदु संघ आला व सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमान संघाच्या प्रवेशानें ते चौरंगी झाले. पुढें १९३७ सालीं उरलेल्या समाजांचा पांचवा संघ येऊन ते पंचरंगी बनले, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर कायमचे बंद पडले. धर्मावरून संघ पाडण्याची ती पद्धत गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्या पोटीं एक विलक्षण प्रश्न जन्मास आला होता. पारशांचा संघ पारशांचा व युरोपियनांचा युरोपियनांचा, यांत कोणास शंका नव्हती. पण हिंदु संघ म्हणजे कोणाचा संघ? ज्या माणसास देवळाच्या पायरीशीं थांबविलें जाई, तो मैदानावर मात्र हिंदु म्हणून उभा राहूं शकत होता काय? आणि उभा राहिला, तर त्याला पुढारीपण मिळूं शकत होतें काय? हे प्रश्न धर्मसभेंत विचारले गेले असते तर शास्त्रार्थ होऊन विरून गेले असते. ते क्रिकेटच्या मैदानावर विचारले गेले, आणि तेथें आकडे बोलत होते.

पालवणकर कुटुंबाचें मूळ गांव कोंकणांतील पालवण, जात चांभाराची. बाळूचा जन्म धारवाडास झाला. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्यास गेलें. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे भाऊ पुढें क्रिकेटमध्यें नांवारूपास आले. बाळूची सुरुवात मात्र खेळाडू म्हणून झाली नाहीं. पुण्यांतील पारशांच्या एका क्लबांत मैदान झाडणें व खेळपट्टीवर रोलर फिरविणें या कामावर, दरमहा तीन रुपयांवर, तो लागला. पुढें १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत चार रुपयांवर गेला. तेथें जाळीं उभारावयाचीं, रेषा आंखावयाच्या, आणि साहेबांस सराव हवा असेल तेव्हां चेंडू टाकावयाचा, असें त्याचें काम होतें.

त्या काळीं इंग्रज फलंदाजांत ग्रेग यांचा दबदबा मोठा होता. बाळूनें आपणांस बाद केलें कीं ते प्रत्येक वेळीं त्याला आठ आणे देत, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एवढें निश्चित कीं, शेंकडों तास उत्तम फलंदाजासमोर चेंडू टाकून या मुलाचा हात तयार झाला. तो डावखुरा, संथ गतीचा गोलंदाज. चेंडूला उंची कमी-अधिक द्यावयाची, टप्पा हवा तेथेंच पाडावयाचा, आणि त्याच हालचालीनें चेंडू कधीं एका बाजूस तर कधीं दुसऱ्या बाजूस वळवावयाचा, ही त्याची हातोटी होती. पूना क्लबांत त्याच्या हातीं बॅट मात्र कोणीं दिली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा व सरदारांचा मान. गोलंदाजी हे श्रमाचें काम. समाजांतील उच्चनीचता खेळांतही अशी शिरली होती, आणि तिच्याच एका फटींतून हा गोलंदाज घडला, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांशीं सामने खेळावयाचे होते. ज्याच्या हातांत जिंकण्याची किल्ली होती तो गोलंदाज युरोपियनांच्याच मैदानावर रोलर ओढीत होता. त्यास आपल्या संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर क्लबांत वाद झाला व अखेर जिंकण्याच्या इच्छेनें सोवळ्यावर मात केली. परंतु ती मात मैदानापुरतीच राहिली. सर्व गडी एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळीं मात्र बाळूस मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे, व जेवणाचें पान निराळें मांडलें जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. ही विसंगति खेळणाऱ्यांस दिसत होती तशीच पाहणाऱ्यांसही दिसत होती, आणि पुढें जो रोष उसळला त्याचें बीज याच ठिकाणीं पडलें असावें.

प्लेगच्या दिवसांत पालवणकर कुटुंब मुंबईस आलें. तेथें परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यानें बाळूस आपल्या संघांत घेतलें. तेथेंही प्रथम कुरबूर झाली व ती मिटवावी लागली. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु व युरोपियन यांचा जो प्रसिद्ध सामना झाला, त्यांत हिंदूंनीं २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. राज्यकर्त्यांच्या संघावर हिंदूंनीं १०९ धावांनीं विजय मिळविला, आणि त्यांत बाळूच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता. समाजसुधारणेच्या पुरस्कर्त्या पत्रांनीं या विजयाचें दुहेरी स्वागत केलें. एक तर इंग्रज हरले. आणि दुसरें, पुण्यास ज्याला मंडपाबाहेर बसविलें त्याच्याशीं मुंबईस सहकाऱ्यांनीं अधिक बरोबरीनें वागणूक ठेविली, हें त्यांना राष्ट्राच्या दृष्टीनें जास्त महत्त्वाचें वाटलें.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. एकंदर दौरा अपयशाचा ठरला. बहुतेक सामने हातचे गेले. परंतु त्या पडझडींत एक गोलंदाज दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिला. बाळूनें त्या दौऱ्यांत सरासरी १८.८४ धावांस एक याप्रमाणें ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एका डावांत त्यानें १०३ धावा देऊन आठ गडी टिपले. त्याच्या सबंध कारकीर्दींत प्रथम श्रेणीचे सामने अवघे ३३, गडी १७९, आणि दर गड्यामागें धावा १५.२१. कोणत्याही काळांत, कोणत्याही देशांत, हे आकडे पहिल्या प्रतीचे ठरतात.

इतकें झाल्यावर हिंदु संघाचें नायकपद या माणसाकडे जावें, असें त्याच्या चाहत्यांस वाटूं लागलें तर त्यांत नवल तें काय? १९१० पासून दरवर्षीं ही मागणी होऊं लागली, आणि दरवर्षीं ती डावलली जाऊं लागली. नायक कधीं हा, कधीं तो. परंतु बाळू कधींच नाहीं. १९१३ सालीं म. दा. पै यांची नायक म्हणून निवड झाली, तेव्हां त्यांच्या सत्काराच्या प्रसंगीं स्वतः पै यांनींच हा मान वास्तविक बाळूचा होता, तो संघांतील ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. ज्याला मान मिळाला तोच तो दुसऱ्याचा आहे असें सांगतो. मग तो देणाऱ्यांचें मौन किती बोलकें होतें! तथापि समितीनें आपला क्रम सोडला नाहीं. असें एक वर्ष नव्हे, दोन वर्षें नव्हे, तब्बल दहा वर्षें चाललें.

अशा पार्श्वभूमीवर १९२० साल उजाडलें. नायक म्हणून पै यांचेंच नांव होतें. परंतु ते आजारी पडले. मुसलमान संघाशीं व्हावयाच्या पहिल्या सामन्यासाठीं यादी निघाली, तींत बाळूचें नांव नव्हतें. आणि पै यांच्या जागीं नायक म्हणून पुण्याचे दि. ब. देवधर यांची नेमणूक झाली. बाळूचे बंधु विठ्ठल व शिवराम संघांत होते. विठ्ठल हा त्या काळच्या उत्तम हिंदु फलंदाजांपैकीं एक. दोघेही भाऊ अनुभवानें देवधरांहून ज्येष्ठ. त्यांना ओलांडून हा मान दुसरीकडे गेला होता.

येथें समितीच्या बाजूनें जें बोलतां येईल तें बोललें पाहिजे. कारण एकाच बाजूची साक्ष घेऊन इतिहास लिहितां येत नाहीं. बाळूचें वय त्या वेळीं पंचेचाळिशीच्या घरांत होतें. संथ गोलंदाज जास्त काळ टिकतो हें खरें. तरीही या वयांत खांदा भरून येतो, क्षेत्ररक्षणांत पाय मागें पडतो. एखाद्या नव्या गड्यास संधि द्यावी, असा विचार कोणत्याही निवड समितीच्या मनांत येऊं शकतो, आणि तो पाप नव्हे. देवधरही कमी योग्यतेचे खेळाडू नव्हते. पुढें ते महाराष्ट्राचे नायक झाले व भारतीय क्रिकेटचे एक आधारस्तंभ म्हणून ओळखले गेले. १९२० सालची ती यादी एखाद्या परक्या माणसाच्या हातीं, मागचें कांहीं न सांगतां, दिली असती, तर त्याला तींत फारसें वावगें दिसलें नसतें.

परंतु मुंबईचा प्रेक्षक परका नव्हता. त्याच्यापाशीं दहा वर्षांचा हिशेब होता. जी समिति दहा वर्षें योग्यतेकडे डोळेझांक करीत आली, तिनें आज एकाएकीं योग्यतेचें नांव घ्यावें, हें त्याला पटेना. सावकाराच्या वहींत दहा खोट्या नोंदी सांपडल्यावर अकरावी नोंद खरी असली तरी कूळ ती मानीत नाहीं. समितीचा तो एक निर्णय खेळाच्या दृष्टीनें कदाचित् समर्थनीय होता. पण ज्या विश्वासावर अशा निर्णयांचें समर्थन उभें राहतें, तो तिनें आधींच खर्चून टाकला होता.

विठ्ठल व शिवराम या दोघां भावांनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं. नायकपद हें खेळांतील गुणांवर मिळावें, जातीवर नव्हे, हें त्यांचें म्हणणें त्यांनीं उघडपणें मांडलें. हें पाऊल सोपें नव्हतें. चौरंगी सामन्यांत खेळण्यासाठीं खेळाडू वर्षभर वाट पाहत; आणि आपल्याच समाजाच्या संघावर बहिष्कार घातला असतां फितुरीचा शिक्का बसण्याचें भय होतें. परंतु तसें झालें नाहीं. जनमत त्यांच्या बाजूस वळलें. वर्तमानपत्रांतून मजकूर आला, भावांच्या समर्थनार्थ सभा झाली, आणि समितीवर टीकेचा भडिमार झाला. विशेष हें कीं, टीका करणारे केवळ अस्पृश्य समाजांतले नव्हते. सवर्ण क्रिकेटरसिकही त्यांत होते.

काळही या रोषास अनुकूल होता. त्याच वर्षीं जानेवारींत डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' पत्र निघालें होतें. मार्च महिन्यांत माणगांवची परिषद भरून शाहू छत्रपतींनीं आंबेडकरांच्या नेतृत्वाचें जाहीर स्वागत केलें होतें. आणि वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराच्या ठरावाबरोबरच अस्पृश्यता-निवारणाची हांक दिली. जो समाज इंग्रजांपाशीं बरोबरीचा हक्क मागत होता, त्याच्याच संघांत बरोबरीच्या माणसास खालीं बसविलें जात होतें. ही गोष्ट आतां झांकून राहण्यासारखी नव्हती.

हिंदु संघानें पहिला सामना जिंकला व अखेरच्या सामन्यांत गांठ पारशांशीं पडली. तोंवर पै बरे झाले होते. समितीनें नमतें घेतलें. बाळूस संघांत परत घेण्यांत आलें, इतकेंच नव्हे तर उपनायक नेमण्यांत आलें. विठ्ठल व शिवरामही परतले. आणि पारशांचा डाव चालू असतां पै कांहीं वेळ मैदान सोडून बाहेर गेले, जेणेंकरून संघाचीं सूत्रें बाळूच्या हातीं यावींत. त्या वर्षीं अंतिम सामन्याचा निकाल न लागून हिंदु व पारशी यांस विजेतेपद वांटून देण्यांत आलें.

ज्या मानासाठीं दहा वर्षें वाट पाहिली, तो असा, नायक मैदानाबाहेर गेला असतां, उसना मिळाला. पै यांचा हेतु निःसंशय उदार होता. परंतु एका माणसाच्या औदार्यानें संस्थेचा अन्याय फिटत नसतो. नायक म्हणून यादींत बाळूचें नांव कधींच छापलें गेलें नाहीं, आणि थोड्याच काळांत त्याची मोठ्या सामन्यांतील कारकीर्द संपली.

समाजानें आपल्या गुणी माणसास त्याची उमेद संपेपर्यंत दारांत उभें करावें, ही गोष्ट आपल्याच देशांत घडली असें नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ. त्यांत चेंडू फेंकणाऱ्याचें महत्त्व आपल्या गोलंदाजाहूनही अधिक. कारण सबंध सामन्याची मदार त्याच्या हातावर असते. तेथें कृष्णवर्णीयांस मोठ्या संघांत अनेक दशकें मज्जाव होता. त्यांचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या. १९४७ सालीं ब्रुकलिनच्या संघानें जॅकी रॉबिन्सन यास मैदानावर उतरविलें, तेव्हां तो बांध फुटला. सॅचेल पेज या विख्यात कृष्णवर्णीय गोलंदाजास मात्र मोठ्या संघांत पहिल्यानें चेंडू फेंकावयास मिळाला तो १९४८ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं. बाळूस खेळूं दिलें पण पुढारी होऊं दिलें नाहीं. पेजला खेळूंच दिलें नाहीं, आणि दिलें तें उतार वयांत. दोघांच्याही बाबतींत चालकांस त्यांचा हात किती मोलाचा आहे हें ठाऊक होतें. अडचण ज्ञानाची नव्हती, धैर्याची होती.

१९२० चा रोष मात्र वायां गेला नाहीं. आणखी कांहीं काळ टाळाटाळ झाली; पण १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर यांची हिंदु संघाच्या नायकपदीं निवड झाली. मोठ्या भावास जें नाकारलें तें धाकट्याच्या वांट्यास आलें. त्याच वर्षीं हिंदु संघानें अखेरच्या सामन्यांत युरोपियनांस हरवून विजेतेपद मिळविलें, आणि आनंदानें बेभान झालेल्या लोकांनीं विठ्ठलास खांद्यावर उचलून घेतलें. खांदे देणाऱ्यांत उच्चवर्णीय म्हणविणारे अनेक होते. याच विठ्ठलांनीं पुढें १९४८ सालीं आपलें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें.

तथापि प्रेक्षकांच्या या पुण्याईचाही हिशेब जपून मांडला पाहिजे. ज्यांनीं विठ्ठलास खांद्यावर घेतलें, त्यांतील किती जणांनीं घरीं गेल्यावर आपल्या विहिरीवर त्याच्या जातभाईंस पाणी भरूं दिलें असतें? मैदानावरील टाळी स्वस्त असते. चौकटीच्या आंत पाट मांडणें महाग. १९३२ सालीं पुणें कराराच्या वेळीं अस्पृश्यांच्या पुढाऱ्यांत बाळूचें नांव आढळतें, आणि १९३७ च्या निवडणुकींत तो काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला व पराभूत झाला. ज्या आंबेडकरांस तरुणपणीं या गोलंदाजाचा अभिमान वाटे, त्यांच्याशींच पुढें त्याचा सामना पडला. टाळ्यांनीं सुटला नव्हता असा कांहीं प्रश्न शिल्लक होता, म्हणूनच तो राजकारणाच्या मैदानावर आला. १९५५ च्या जुलै महिन्यांत बाळू पालवणकर मुंबईस निवर्तला.

तरीही १९२० सालच्या त्या प्रेक्षकास श्रेय दिलेंच पाहिजे. त्याला जिंकण्याची हांव होती, हें कबूल. आपला संघ दुबळा झाला म्हणूनही तो चिडला असेल. परंतु त्याचा राग हरल्याचा नव्हता, कारण बाळूवांचूनही हिंदु संघ तो पहिला सामना जिंकला होता. विजय पदरीं पडल्यावरही जो राग शमत नाहीं, तो खेळाच्या निकालाबद्दलचा नसतो, न्यायाबद्दलचा असतो. आणि चालकांस नमविलें तें त्याच रागानें. संघ समितीचा असतो हें कागदावर ठीक आहे. पण ज्याच्या नांवानें संघ खेळतो तो समाज दोरीबाहेर उभा असतो, आणि त्याची स्मरणशक्ति समितीच्या कार्यवृत्तापेक्षां लांब असते.